चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे, थोडी काटछाट करून.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, एआयवर हल्ली सगळेच बोलतात, माझ्या आईसकट. त्यापेक्षा मला माणसाच्या डोक्यावर बोलू द्या. पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, "चालेल, पण जड करू नकोस, त्यानंतर जेवण आहे."

तर विषय आहे कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी. मराठी पुस्तकांत त्याला बोधात्मक मानसशास्त्र म्हणतात. माणूस लक्ष कसं देतो, लक्षात कसं ठेवतो, विसरतो कसा, विचार कसा करतो, याचं शास्त्र. मानसशास्त्र म्हटलं की आपल्याला डॉक्टर, कोच आणि लहानपणीचे धक्के आठवतात. हे ते नव्हे. आणि आधीच सांगते, माझ्याकडे या विषयाची पदवी नाही. मी तुमच्यासारखीच वाचत वाचत शिकले.

वाचायला लागले ते कामामुळे. एका रुग्णालयासाठी आम्हाला औषधांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर नव्यानं करायचं होतं. जुनं दुसऱ्या कोणीतरी केलेलं होतं, आणि त्यात नर्स वारंवार चुकीच्या औषधावर क्लिक करत. बैठकीत सगळ्यांचं एकमत होतं की नर्सना पुन्हा ट्रेनिंग द्यायला हवं. मी एक दिवस वॉर्डात उभी राहून बघितलं. सारख्याच अक्षरांनी सुरू होणारी औषधं एकाखाली एक, बारीक टायपात, आणि नर्सला दर दोन मिनिटांनी कोणीतरी हाक मारतंय. पोस्टाच्या पेट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, सगळ्यांना एकच रंग दिला आणि पोस्टमनला म्हटलं की तू वेंधळा आहेस, तसला प्रकार. तेव्हापासून हा विषय सुटला नाही.

आता आजच्या हॉलकडे बघा. सकाळपासून एकच संवाद चालू आहे. "अरे, तू!" मग मिठी. मग डोळ्यांत एक घाबरलेला भाव, कारण नाव आठवत नाही. माझ्याशी एकजण पंधरा मिनिटं बोलला आणि मला एकदाही नावानं हाक मारली नाही, 'मॅडम, मॅडम' करत राहिला. त्याला सांगते, लाजू नकोस. यावर संशोधन झालेलं आहे.

अमेरिकेत ओहायोमध्ये हॅरी बाहरिक नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९७५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिकडे शाळा सोडताना प्रत्येक वर्गाचं फोटो असलेलं पुस्तक निघतं, ते त्यांनी वापरलं. १७ ते ७४ वयाची ३९२ माणसं घेतली. कोणी शाळा नुकतीच सोडलेली, कोणाला जवळजवळ पन्नास वर्षं झालेली. प्रत्येकाला विचारलं, वर्गातल्या मुलांची नावं आठवून सांगा. मग अनोळखी फोटोंत वर्गमित्राचा एक फोटो मिसळला आणि विचारलं, यातला तुमच्या वर्गातला कोण? पंधरा वर्षांनंतरही माणसं दहापैकी नऊ चेहरे बरोबर ओळखत होती. ४८ वर्षांनंतरसुद्धा ओळखण्याचं प्रमाण सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास होतं. पण काही न दाखवता नुसती नावं सांगा म्हटलं की फार आधीपासून आणि फार जास्त गळती.

म्हणजे 'आठवणं' आणि 'ओळखणं' ही दोन वेगळी कामं आहेत. आठवताना डोक्याला सगळी वाट स्वतः काढावी लागते. ओळखताना समोर खूण असते, फक्त हो किंवा नाही म्हणायचं. आजचा बराचसा संगणक याच फरकावर उभा आहे. आमच्या कॉलेजात काळ्या पडद्यावर आज्ञा पाठ करून टाइप कराव्या लागत. आता चित्रं समोर असतात, तुम्ही ओळखता आणि बोट लावता. तुमच्या घरातल्या आजींना व्हॉट्सअ‍ॅप जमतं ते म्हणूनच.

हे शास्त्र आलं कुठून? १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. तिथे माणसांना स्वतःच्या मनात डोकावून काय दिसतं ते सांगायला लावत. अडचण उघड आहे, तुमच्या मनात तुम्हाला जे दिसतं ते मी तपासणार कसं? पण त्याच सुमाराला त्याच देशात हर्मान एबिंगहाउस नावाचा एक माणूस एकटाच कामाला लागला. मला या सगळ्या इतिहासात तो सर्वांत आवडतो. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, मदतनीस नव्हते, प्रयोगासाठी माणसंसुद्धा नव्हती. त्याने स्वतःवरच प्रयोग केले, वर्षानुवर्षं.

त्याला स्मरणशक्ती मोजायची होती. पण कविता पाठ केली तर अर्थ मदतीला येतो, चाल मदतीला येते. म्हणून त्याने काहीच अर्थ नसलेली अक्षरं तयार केली, एक व्यंजन, एक स्वर, पुन्हा व्यंजन, अशी सुमारे २३००. त्यांच्या याद्या करायच्या, घड्याळाच्या टिकटिकीबरोबर ठरलेल्या वेगानं वाचायच्या, न चुकता म्हणता येईपर्यंत. मग थांबायचं. कधी वीस मिनिटं, कधी एक दिवस, कधी महिना. आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. हा वाचलेला वेळ म्हणजे डोक्यात शिल्लक राहिलेला भाग. काय सुंदर युक्ती आहे! माणसाला काही 'आठवत नाही' असं वाटत असलं तरी त्याच्यात काय उरलं आहे ते यातून कळतं.

वीस मिनिटांनी बचत ५८ टक्के. तासाभराने ४४. एका दिवसाने ३४. एकतीस दिवसांनी २१. म्हणजे विसरायचं ते आपण पहिल्या दिवसातच जवळजवळ विसरून घेतो, आणि पुढे गळती मंदावते. १८८५ मध्ये त्याने हे पुस्तकात छापलं. आजही तो आलेख टिकून आहे.

इथे बाईंकडे बघून एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या गणिताच्या बाई रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं तोंडी घ्यायच्या. वही बंद, पुस्तक बंद, कालचं आज विचारायचं. आपण तेव्हा काय काय म्हणायचो ते इथे सांगत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटानं उतारा चार वेळच्या सत्रांत फक्त वाचला. दुसऱ्यानं एका सत्रात वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. पुन्हा पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटू लागतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला वाटतं 'आलं'. परत तेच, ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. बाई, तुमची ती पाच मिनिटं प्रयोगशाळेत सिद्ध व्हायच्या आधीपासून तुम्ही घेत होतात. (या ठिकाणी टाळ्या पडल्या आणि बाईंनी हातानं 'पुरे' अशी खूण केली.)

बाहरिक यांनीच पुढे एका सहकाऱ्याबरोबर शाळेतल्या बीजगणिताचाही माग काढला. ज्यांचं गणित शाळेतल्या बीजगणितापाशीच थांबलं त्यांचं काही दशकांत जवळजवळ पुसलं गेलं होतं. ज्यांनी पुढे कॅल्क्युलसपर्यंत गणित केलं त्यांचं पन्नास वर्षांनीही बरंचसं शाबूत होतं, मध्ये कधी उजळणी केली नसली तरी. वर्षानुवर्षं घासत गेलेली गोष्ट टिकते. परीक्षेच्या आदल्या रात्रीची टिकत नाही, हे सांगायला खरं म्हणजे संशोधन लागू नये.

एबिंगहाउसनंतर मात्र गाडी वेगळ्याच रुळावर गेली. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी जाहीर केलं की मन वगैरे दिसत नाही, दिसतं ते वर्तन, तर तेवढंच अभ्यासा. याला वर्तनवाद म्हणतात. उंदीर, कबुतरं, बक्षीस, शिक्षा. पुढची तीस-चाळीस वर्षं अमेरिकेत याचंच राज्य. त्यातून कामाच्या गोष्टी निघाल्या, नाही असं नाही, पण 'डोक्यात काय चाललंय' हा प्रश्नच जवळजवळ असभ्य ठरला. गंमत म्हणजे उंदरांनीच त्याला छेद दिला. एडवर्ड टोलमन यांचे उंदीर चक्रव्यूहात बक्षीस नसतानाही नुसते हिंडून नकाशा शिकत होते, आणि खाऊ ठेवल्याबरोबर तो नकाशा वापरत होते. १९४८ च्या लेखात टोलमन यांनी शब्दच वापरला, मनातले नकाशे.

खरा बदल घडवला दुसऱ्या महायुद्धानं. इंजिनिअर म्हणून हा भाग मला फार जवळचा. बी-१७ हे अमेरिकेचं मोठं बॉम्बफेकी विमान. वैमानिक सुखरूप उतरायचे आणि धावपट्टीवर असताना पंखांच्या झडपा मिटवायच्या ऐवजी चाकंच मिटवायचे. विमान पोटावर. अल्फॉन्स चपानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानं बघितलं की दोन्हींचे खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे आहेत. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा आकार दिला. न बघताही हाताला कळावं म्हणून. चुका थांबल्या. वॉर्डातली नर्स आठवली ना?

तिकडे इंग्लंडात रडार बघत बसलेल्या माणसांचं लक्ष साधारण अर्ध्या तासानं ढिलं पडायला लागतं, हे नॉर्मन मॅकवर्थ यांनी मोजून दाखवलं. पस्तीस मिनिटांचा तास कोणी ठरवला माहीत नाही, पण शहाणा असावा. केंब्रिजमध्ये केनेथ क्रेक यांनी १९४३ मध्ये लिहिलं की माणूस डोक्यात जगाची छोटी प्रतिकृती चालवून बघतो आणि मग पाऊल उचलतो. आजचा सगळा एआय या कल्पनेभोवती घुटमळतो आहे. क्रेक १९४५ च्या मे महिन्यात सायकलवरून जाताना अपघातात गेले, युरोपातलं युद्ध संपायच्या आदल्या दिवशी. वय ३१.

आणि मग संगणक आला. ११ सप्टेंबर १९५६ या दिवशी एमआयटीमध्ये एका परिषदेत तीन गोष्टी एकापाठोपाठ मांडल्या गेल्या. नेवेल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम दाखवला. नोम चॉम्स्की यांनी भाषेचं व्याकरण गणितासारखं मांडलं. जॉर्ज मिलर स्मरणशक्तीच्या मर्यादेवर बोलले. मिलर पुढे म्हणत की या शास्त्राचा वाढदिवस तोच. यंत्राच्या आत काय चाललंय यावर जर आपण बिनदिक्कत बोलतो, तर माणसाच्या आत काय चाललंय यावर का नाही, असं सगळ्यांना वाटू लागलं. १९६७ मध्ये उलरिक नाइसर यांनी 'कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी' याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि बारसं झालं.

मिलर यांचा '७' हा आकडा तुम्ही ऐकला असेल. एका वेळी माणसाच्या डोक्यात साताच्या आसपास गोष्टी मावतात, दोन इकडे दोन तिकडे. आमच्या क्षेत्रात याचा फार छळ होतो. दर दोन वर्षांनी कोणीतरी बैठकीत सांगतो की मेनूत सातपेक्षा जास्त पर्याय नकोत, शास्त्र आहे. अहो, मेनू समोर दिसतोय, तो कुठे डोक्यात धरून ठेवायचाय? उडुप्याच्या हॉटेलात सत्तर पदार्थांची पाटी असते, कोणी बेशुद्ध पडत नाही. नंतरच्या संशोधनात तर सातसुद्धा जास्त ठरले. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला.

मिलर यांचा खरा मुद्दा आकड्यात नव्हता, गठ्ठ्यात होता. डोक्यात गोष्टी किती मावतात यापेक्षा तुम्ही एक गोष्ट कशाला म्हणता हे महत्त्वाचं. आपल्या वेळी गावात फोन नंबर पाच आकडी होता. आज मोबाइल दहा आकडी आहे, आणि आपण तो पाच-पाचनं सांगतो किंवा जोड्यांनी. दुसऱ्यानं तिनातिनानं सांगितला तर आपलाच नंबर ओळखू येत नाही. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्यावरचा अभ्यास छापून आला. दीड वर्षाहून जास्त सराव करून तो एकदा ऐकलेले ७९ आकडे ओळीनं सांगू लागला होता. तो धावपटू होता, आकड्यांचे गठ्ठे शर्यतींच्या वेळा म्हणून बांधायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. गाडी परत सहाच्या आसपास. म्हणजे पिशवी वाढली नव्हती, भरण्याची पद्धत सुधारली होती. वर्गात ज्यांना आपण 'ढ' म्हणायचो, त्यांच्यापैकी कितीजणांची फक्त त्या विषयातली गठ्ठे बांधायची पद्धत कोणी दाखवली नव्हती, असा विचार माझ्या मनात बरेचदा येतो. त्यातले दोघं आज आपल्यातले उत्तम मेकॅनिक आहेत आणि इंजिनच्या आवाजावरून दोष सांगतात. ते गठ्ठे आपल्याला नाहीत बांधता येत.

आता मी जिथे यायचं होतं तिथे येते.

संगणकामुळे या शास्त्राला भाषा मिळाली. साठवणं, शोधणं, काढणं. पण त्याबरोबर एक चुकीचं चित्रही आलं, आणि मी याच धंद्यातली असल्यामुळे ते पुसायची जबाबदारी थोडी माझी आहे. चित्र असं, की आठवण म्हणजे डिस्कवरची फाइल. उघडली की जशीच्या तशी. तसं नाही. फाइल वाचल्यानं बदलत नाही. आठवण बदलते.

हे संगणकाच्या आधीच माहीत होतं. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात लिहिलंय. त्यांनी इंग्रज माणसांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळानं, मग आणखी काही काळानं, ती पुन्हा लिहायला सांगितली. कथा दर वेळी थोडी जास्त इंग्रज होत गेली. विचित्र वाटणारे भाग गळाले, झाडाच्या खोडाची होडी साधी बोट झाली, सील मारायला निघालेली माणसं मासे धरू लागली. कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकजण तुकड्यांतून गोष्ट परत बांधत होता, आणि मधली भोकं आपल्याकडच्या मालानं बुजवत होता.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'आदळून चक्काचूर' झाल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'धडकल्या' तेव्हा किती होता? पहिल्यांनी जास्त वेग सांगितला. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? पहिल्या पन्नासपैकी १६ जण हो म्हणाले, दुसऱ्या पन्नासपैकी ७. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. एका क्रियापदानं काचा फोडल्या.

आणि नाइसर, ज्यांनी बारसं केलं ते? १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना बातमी आली, हे त्यांना लख्ख आठवत होतं, खोलीसकट. वर्षानुवर्षं आठवत होतं. मग एक दिवस लक्षात आलं की डिसेंबरात बेसबॉल नसतोच. नंतर दुसऱ्यांनी शोधून काढलं की त्या दिवशी फुटबॉलचा सामना होता आणि त्यातल्या संघांची नावं बेसबॉलच्या संघांसारखीच होती. पुढे १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली. अडीच वर्षांनी त्यांच्यातल्या ४४ जणांना परत विचारलं. कितीतरी जणांची गोष्ट साफ बदललेली. खात्री मात्र पक्की. स्वतःच्या अक्षरातला कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण कोणाची परत आली नाही.

हे सगळं मी का सांगते आहे, तर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीत जे झालं त्यामुळे.

आठवीत सहलीचे पैसे टेबलाच्या खणातून गेले होते, हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्यातल्या एका मुलावर संशय आला. दोन दिवस त्याला व्हरांड्यात उभं केलं. दप्तर तपासलं, घरच्यांना बोलावलं, काही सापडलं नाही. पुढच्या वर्षी त्यानं शाळा सोडली. नाव घेत नाही. त्याला विचारूनच हे बोलते आहे, आणि नाव नको एवढीच त्याची अट आहे.

दिवाळीत कोणीतरी ग्रुपवर तो 'किस्सा' टाकला. हसण्याच्या खुणा आल्या. मग एकानं लिहिलं, मी त्याला खणाजवळ बघितलं होतं. दहा मिनिटांनी दुसऱ्यानं लिहिलं, हो, मीपण, मधल्या सुट्टीत. तिसरीनं लिहिलं, पीटीच्या तासाला. चौथ्यानं लिहिलं की त्यानं त्याला नव्या इमारतीच्या जिन्यात नोटा मोजताना पाहिलं. येताना तुम्ही नव्या इमारतीच्या कोनशिलेवरून आलात. तिच्यावर १९९५ लिहिलं आहे. आपण आठवीत १९९३-९४ ला होतो. तो जिना तेव्हा नव्हता.

तो चौथा आपला मित्र आहे, सज्जन आहे, आणि तो खोटं बोलत नाही. त्याला तो जिना खरंच दिसतो. तीस वर्षं ऐकलेली गोष्ट, त्यात बाकीच्या तिघांचे मेसेज, आणि त्याच्या डोक्यानं चित्र पूर्ण केलं. कोणाच्याही डोक्यानं केलं असतं. अमेरिकेत वर्षानुवर्षं तुरुंगात काढून नंतर डीएनए चाचणीनं निर्दोष सुटलेल्या लोकांच्या खटल्यांत फार मोठा वाटा प्रामाणिक पण चुकलेल्या साक्षीदारांचा होता. पैसे त्यानं घेतले नाहीत असं मानसशास्त्र सांगत नाही. कोणी घेतले ते मला ठाऊक नाही, आणि इथे बसलेल्या कोणालाही ठाऊक नाही. शास्त्र एवढंच सांगतं, की एकामागून एक आलेले हे चार मेसेज म्हणजे चार साक्षी नव्हेत.

हा किस्सा स्मरणिकेच्या 'गमतीजमती' सदरासाठी आला होता, त्याच्या टोपणनावासकट. तो छापू नये असं मी संपादक मंडळाला सांगितलं आणि त्यांनी मानलं. बाकीच्या आठवणी मात्र हव्या आहेत. विनंती एवढीच की चहाच्या टेबलावर गप्पा मारायच्या आधी लिहा. एकमेकांशी बोललात की सगळ्यांची एकच आठवण होते. कोरे कागद दाराजवळ ठेवले आहेत, पेनं आपापली आणा, शाळेत पेनं परत मिळत नाहीत. जुळत नसलेल्या आठवणी तशाच छापू, शेजारी शेजारी.

त्याच्याशी फोनवर बोलले तेव्हा मी विचारलं, तुला त्या दिवसांतलं काय आठवतं? तो म्हणाला, फारसं काही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा व्हरांड्यात येऊन शेजारी बसला, डबा उघडला आणि अर्धी पोळी त्याच्यापुढे केली. बोलला काहीच नाही. चेहरा आठवतो, नाव आठवत नाही.

मी त्याला आपला वर्गाचा फोटो पाठवला. त्यानं उत्तर पाठवलं, तिसरी रांग, डावीकडून पाचवा, डोळे मिटलेला. मी आत्ताच जे सगळं सांगितलं त्यानंतर हेही पक्कं कसं धरायचं, हा प्रश्न आहेच. शिवाय फोटोखालची नावांची पट्टी वाळवीनं खाल्ली आहे, आणि तो डोळे मिटलेला मुलगा मीच, असं सकाळपासून तिघांनी मला सांगितलं आहे. फोटो बाहेर टेबलावर ठेवला आहे. तिघांनीही कागद घ्या, वेगवेगळ्या कोपऱ्यात बसा, आणि आठवीत डब्याला काय आणायचात ते लिहा. त्या पोळीबरोबर भाजी कोणती होती ते त्यानं मला सांगितलं आहे.